बाटलीवरची आक्का

आक्का माणसाशी बोलण्याआधी त्याचा वास घ्यायची. वैशालीला बघायला मी ताहाराबादच्या पुढच्या तिच्या गावी गेलो, तेव्हा बाकीच्यांनी पोहे दिले, चहा दिला, पगार विचारला. होऊ घातलेल्या सासूनं मात्र आतून येऊन माझा उजवा हात मागितला. मला वाटलं, बाईंना हस्तरेषा कळत असतील. तिनं तो हात सरळ नाकाशी नेला, डोळे मिटले आणि म्हणाली, "रंगखातं. सुरतले सचिनमा कामाले शेत ना तुम्ही?" मी निघताना दोनदा साबण लावला होता. मग आत जाऊन तिनं सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात निकाल दिला, "पोऱ्या पेत नही. पन याचं नाक मरेल शे."

दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. सुरतेजवळच्या सचिन गावात, साड्या रंगवण्याच्या कारखान्यात इतकी वर्षं काढल्यावर नाक उरत नाही. मला अत्तर आणि रॉकेल यांतला फरक बाटली बघून कळतो. हे आधीच सांगून ठेवतो, कारण शेवटी ते लागणार आहे. आणि हे सगळं मी शांतपणे लिहावं असं वैशालीचं म्हणणं आहे. ज्याच्याबद्दल लिहायचं तो तिचा सख्खा भाऊ आहे, तिला तसं वाटणारच. मला ते जमणार नाही.

सासऱ्यांनी, म्हणजे अण्णांनी, खायची द्राक्षं सोडून वाईनची पांढरी द्राक्षं लावली तेव्हा गाव हसलं होतं. नंतर त्यांनी बागेच्या कडेला छोटा कारखानाही घातला. अण्णा वेली वाढवायचे आणि टाकीतल्या रसाचं काय करायचं ते आक्का ठरवायची. फक्त पांढरी वाईन व्हायची, आणि तीही दोनच प्रकारची. विहिरीला लागून असलेल्या जुन्या बागेची ती 'विहिरीची' आणि वरच्या मुरमाड जमिनीतली ती 'माळाची'. बाटलीवर काहीतरी इंग्रजी नाव असायचं, पण घरात ते कुणी उच्चारलं नाही. माळाची जरा तिखट, विहिरीची सरळ आणि कोरडी, म्हणजे अजिबात गोडी नसलेली, असं पिणारे सांगायचे. मी पीत नाही, आणि आक्का तर माळकरी.

हो, गळ्यात तुळशीची माळ आणि घरात वाईनचा कारखाना. तिनं आयुष्यात एक थेंब जिभेला लावला नाही. टाकीतून दोन थेंब डाव्या तळव्यावर घ्यायची, उजव्या तळव्यानं चोळायची, दोन्ही हातांची ओंजळ करून त्यात नाक घालायची आणि मग एकच शब्द बोलायची. "उभी," म्हणाली की कारखान्यातले लोक हसत कामाला लागायचे. "बसनी," म्हणाली की अण्णा टोपी काढून डोकं खाजवायचे. उभी म्हणजे काय आणि बसलेली म्हणजे काय, हे मी अनेकदा विचारलं. "तुम्हले सांगीसन काय उपेग, जवाईबुवा," असं म्हणून ती मला ताकाचा पेला द्यायची.

माळेवरून तिला टोकणारे कमी नव्हते. त्यांच्यासाठी तिचं उत्तर ठरलेलं होतं. "माळ गळाले शे, नाकले नही." आणि त्यानंही कुणी गप्प बसलं नाही तर, "कासार बठ्या गावले बांगड्या भरस. तो सोता घालस का?" माझ्याशी ती अर्धी अहिराणी आणि अर्धी पाहुण्यांसमोरची मराठी बोलायची. जावयाशी बोलताना पदर डोक्यावर असायचा आणि जिभेवर मात्र काही नसायचं.

घरात एक रीत होती. ऑक्टोबरच्या छाटणीची पहिली काडी घरातल्या मोठ्या माणसानं कापायची, विहिरीच्या बागेतल्या पहिल्या वेलीची, आणि तीही अण्णांच्या लाकडी मुठीच्या कात्रीनं. नारळ नाही, हळदकुंकू नाही. मोठं माणूस ती काडी कापून जमिनीवर टाकायचं आणि मग मजूर ओळीत शिरायचे. अण्णा गेल्यावर आक्का कापायची. विधवा बाईनं पहिली काडी कापावी का, अशी कुजबुज झाली, तेव्हा तिनं काडी कापून कुजबुजणाऱ्याच्याच हातात दिली.

मग कारभार किशोरकडे आला. किशोर माझा मेहुणा. मुलगा वाईट नाही, हे लिहिताना मला त्रास होतो, पण खरं आहे. कोरडी वाईन घ्यायला कुणी येत नव्हतं, हेही खरं. गुजरातेत दारूबंदी, त्यामुळं येत होते ते आमचे सुरतकर. शनिवारी दुपारी गाड्या काढायच्या, नवापूरवरून सीमा ओलांडायची, बायकामुलांसकट मळ्यात उतरायचं, रात्रभर प्यायची आणि सोमवारी सकाळी सोसायटीच्या मीटिंगमध्ये तरुण पिढीच्या व्यसनांवर बोलायचं. आमच्या गल्लीतले दोघे मला तिथं भेटले आहेत. दोघांनीही मला ओळख दाखवली नाही. तर या मंडळींना गोड हवी होती. किशोरनं टाकीतलं आंबणं अर्ध्यात थांबवून रसात गोडी ठेवायला सुरुवात केली. खोल्या बांधल्या, झोपाळे टांगले, एक निळा तलाव केला.

आक्कानं ते सगळं सोसलं. तोंडानं बोलत होती, पण सोसत होती. त्या वर्षी छाटणीच्या दिवशी मात्र ती अंघोळ करून कात्री घेऊन बागेत गेली, तर ओळी निम्म्या कापून झाल्या होत्या. किशोरनं बॅटरीवर चालणाऱ्या नव्या कात्र्या आणल्या होत्या आणि उन्हं चढायच्या आत काम उरकायचं म्हणून पहाटेच सुरुवात केली होती. आईला उठवायचं त्याला सुचलं नाही. "तू झोपेल व्हतीस ना माय," एवढंच तो म्हणाला.

त्याच संध्याकाळी ती सुरतेत, गोडादऱ्याला आमच्या दारात उतरली. हातात एक पिशवी, पिशवीत दोन लुगडी आणि लुगड्यात गुंडाळलेली कात्री. लेकीच्या घरी राहायला आलेल्या बाईला आपल्याकडं काय काय ऐकावं लागतं ते सांगायला नको. मी काही बोललो नाही. बोललो असतो तर वैशालीनं मला जेवायला घातलं नसतं, हा भाग वेगळा. पण मनातून मला राग आला होता, किशोरचा आणि थोडा तिचाही. माणसानं एका काडीसाठी घर सोडावं का? मी एकदा विचारलंही. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "काडीसाठी नही सोडं. माले उठाडं नही, त्यासाठी सोडं."

सुरत तिला कधीच आवडलं नाही. इथल्या खाडीला नावं ठेवायची, माझ्या कपड्यांना नावं ठेवायची, लोचो नावाच्या इथल्या नाश्त्याला 'फुटेल ढोकळा' म्हणायची आणि दोन प्लेट खायची. पण गल्लीतल्या खानदेशी बायकांचं भजनी मंडळ तिला मिळालं आणि ती रुळली. मंगळवारी आणि एकादशीला टाळ घेऊन निघायची. आवाज खणखणीत होता. मंडळाच्या मुख्य, मंगलाबाई, तिला शेजारी बसवायच्या. जावयाच्या घरात राहणाऱ्या बाईला गल्लीत स्वतःची अशी एवढीच जागा होती, आणि ती तिनं आवाजाच्या जोरावर मिळवली होती.

ती जागा गेली ती एका फोटोमुळे. सीमेवरच्या नाक्यावर कुणाच्या तरी गाडीत दारू सापडली. तसे फोटो आमच्याकडच्या छाप्यात, म्हणजे वर्तमानपत्रात, नेहमीच येतात. लांब टेबल, टेबलावर बाटल्यांची रांग आणि मागं छाती काढून उभे पोलीस. समोरचा जयेशभाई तो छापा घेऊन सकाळी सकाळी माझ्याकडं आला आणि बाटलीवर बोट ठेवून हळूच म्हणाला, "आ तो तमारां बा छे ने?"

आक्काच होती. कपाळभर पदर, नाकाचा तो सरळ दांडा, गळ्यात माळ. चित्रकारानं माळेचा एकेक मणी काढला होता. प्रत्येक बाटलीवर आक्का, आणि खाली मराठीत ठळक अक्षरांत 'आक्का'. पोलिसांच्या पुढ्यात सहा-सात आक्का एका रांगेत उभ्या होत्या.

किशोरला फोन केला तर त्याला खरोखरच कळेना की मी का ओरडतोय. "दाजी, प्रेमानं केलं," म्हणाला. "लोक ट्रकवर आईचं नाव घालतात, बंगल्यावर घालतात. मी माझ्या मालावर घातलं. ती रुसून गेली म्हणून तर घातलं. बघितल्यावर परत येईल असं वाटलं." मी फोन ठेवून दिला. माझा राग तिथंच फसला, कारण तो खोटं बोलत नव्हता. आमच्या भागातलं कुठलंही वाहन बघा, मागं आईच असते. माळकरी आईला दारूच्या बाटलीवर बसवण्याची चूक करायला आमच्यासारखाच मातृभक्त मुलगा लागतो.

मंगळवारी आक्का टाळ घेऊन गेली. मंगलाबाई भांडल्या नाहीत. भांडल्या असत्या तर आक्का त्यांना पुरून उरली असती. त्या गोड आवाजात म्हणाल्या, "आक्का, तुम्ही आता जरा मागं बसत जा. आणि टाळ दुसऱ्या कुणाकडं देऊ. तुमचं वय झालं ना." याच मंगलाबाईंचे यजमान दर महिन्याला कुठं प्यायला जातात ते अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे. मी ते त्यांच्या तोंडावर सांगायला निघालो होतो. आक्कानंच माझा हात धरला. तिनं त्या दिवशी जेवण केलं नाही. सकाळी चहा घेऊन वैशाली गेली तर आक्का पिशवी भरून बसली होती. "जवाईबुवा, गाडी काढा."

 वाटेत मी नवापूर येईपर्यंत किशोरला काय काय सुनवायचं त्याची तयारी करत होतो. आक्का कात्री मांडीवर घेऊन बाहेर बघत होती.

मळ्यात शिरलो तर विहिरीच्या बागेच्या कोपऱ्यावर चुन्याची फक्की मारलेली. आणखी खोल्या यायच्या होत्या आणि जागा हीच सोयीची होती, सपाट आणि पाण्याजवळ. आक्कानं ती फक्की पायानं पुसली नाही की काही विचारलं नाही. ती सरळ कारखान्यात गेली आणि किशोरला म्हणाली, "आन. मनं तोंड लायेल शे ती आन."

त्यानं बाटली उघडली. तिनं तळव्यावर दोन थेंब घेतले, चोळले, ओंजळीत नाक घातलं.  मजूर काम सोडून बघत होते. मला वाटलं, आता 'बसनी' म्हणेल. तिनं हात लुगड्याला पुसले. "हाई काकवी शे," म्हणाली. "वर मी, आत मी नही."

किशोर घाईघाईनं म्हणाला, लेबलं काढून टाकतो माय, छापलेली आहेत पण जाळून टाकतो. त्याचे डोळे भरले होते. मला वाटलं झालं, मिटलं, संध्याकाळपर्यंत सुरत. आक्का म्हणाली, "नको काढू."

सगळे तिच्याकडं बघायला लागले. ती लाकडी खोक्यावर बसली आणि एखादी गाय विकायची असावी इतक्या व्यवहारी आवाजात तिनं सौदा मांडला. "मनं तोंड ऱ्हाऊ दे. लोकेस्ले आवडस ना? मंग ऱ्हाऊ दे. पन आत बी मीच पाहिजे. विहीरनी बाग उपटानी नही, आनि तिनी वाईन गोड करानी नही. मना तोंडखाल फक्त विहीरनी."

मी म्हणालो, आक्का, मंडळाचं काय? मंगलाबाई? तिनं माझ्याकडं असं बघितलं की मी जावई आहे हे ती क्षणभर विसरली असावी. "मांगे बसानं तं मांगे बससू," म्हणाली. "वेल मांगे बसत नही."

किशोरनं तिच्या पायावर हात ठेवून शब्द दिला. तिनं कात्री त्याच्या हातात ठेवली. मला त्या दिवशी किशोरचा अभिमान वाटला होता, हेही लिहून ठेवतो.

पुढच्या छाटणीला तिला पहाटे उठवलं गेलं. त्याच कात्रीनं तिनं पहिली काडी कापली. घड तयार झाले तेव्हा ती पुन्हा गेली, मणी फोडून बिया दाताखाली चावून बघितल्या आणि तोडणीचा दिवस ठरवला. नंतर टाकीपाशी ओंजळीत नाक घालून उभी राहिली तेव्हा मी तिथंच होतो. ती ओंजळ तिनं माझ्या नाकाशी धरली. पहिल्यांदाच. मला काही आलं नाही. "काय म्हणते?" मी विचारलं. तिचा चेहरा असा झाला होता की उत्तराची गरज नव्हती, पण ती म्हणाली, "उभी. अण्णा व्हतात तवा व्हती तशी उभी."

ती वाईन कमी खपली म्हणे. जी खपली ती पुण्या-मुंबईच्या लोकांनी नेली आणि पुन्हा मागवली. आमच्या सुरतकरांनी तोंड वाकडं केलं. आक्का गोडादऱ्याला परत आली आणि मंडळात शेवटच्या ओळीत, चपलांजवळ बसून टाळाशिवाय गायली. आवाज मात्र तिथूनही सगळ्यांच्या वर यायचा. मंगलाबाई पुढून 'हळू' म्हणायच्या, ती ऐकायची नाही. गल्लीतली पोरं तिला 'बाटलीवाली बा' म्हणायची. तिनं एकदाही मागं वळून बघितलं नाही.

श्रावणात एका दुपारी ती झोपली आणि उठली नाही. तिला गावी न्यायचं ठरलं. नाक्यावर आमची गाडी कुणी तपासली नाही. जाताना कुणीच तपासत नाही, येताना तपासतात. अंत्यविधीला किशोर इतका रडला की त्याला दोघांनी धरलं होतं, आणि ते रडणं खरं होतं. म्हणूनच पुढचं मला गिळता येत नाही.

वर्षश्राद्धाला गेलो तर विहिरीच्या बागेच्या जागी लाल मातीचं सपाट मैदान होतं. एका कडेला खोडांचा ढीग रचलेला, मुळांना अजून माती होती. जेवणाचा मांडव त्या मैदानातच घातला होता, सोयीचं म्हणून. मी पानावरून उठलो आणि किशोरला बाजूला घेतलं. मी काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. तो ऐकून घेत राहिला आणि मग अगदी शांतपणे म्हणाला, "शब्द तिला दिला होता, दाजी. ती होती तोवर पाळला."

त्याला खरंच वाटतं की त्यानं शब्द पाळला. अशा माणसाशी भांडून काय मिळवायचं? कोपऱ्यात खोक्यांचा ढीग होता आणि खोक्यांवर आक्का. "आणि हे?" मी विचारलं. म्हणाला, "तिची आठवण आहे ती. ती कशी काढणार? आतली वाईन माळाच्याच द्राक्षांची आहे, थोडी गोडी ठेवलीय फक्त. चालते." मी कात्री मागितली. त्यानं कपाटातून काढून लगेच दिली. "न्या, तिची धार गेलीय," म्हणाला. वैशाली परतीच्या वाटेवर रडत होती आणि मी इतक्या जोरात गाडी हाकत होतो की तिनं रडणं थांबवून मला हळू चालवायला सांगितलं. ती कात्री आमच्याकडं देवघराखालच्या खणात आहे. मी तिला धार लावून घेतली आहे. कापायला काही नाही.

मागच्या महिन्यात सकाळी पाळीला जाताना सचिनच्या अलीकडे मोकळ्या मैदानावर गर्दी दिसली. पकडलेला माल नष्ट करत होते. जमिनीवर बाटल्या आडव्या पसरल्या होत्या, बाजूला पोलीस, छाप्याचे फोटोवाले, आणि एक रोलर खडखडत पुढं चालला होता. मी गाडी लावून उतरलो. बघायला नको होतं, पण बघितलं. बाटल्यांच्या त्या पसाऱ्यात मधे मधे ती होती. पदर, नाकाचा सरळ दांडा, माळेचा एकेक मणी. रोलर आला आणि तिच्यावरून गेला. परत फिरला आणि परत गेला. लोक मोबाईलवर काढत होते.  तिला कुणी विचारून बाटलीवर बसवलं नव्हतं, आणि रोलरखाली घालतानाही कुणी विचारलं नाही.

जमीन ओली झाली. आजूबाजूचे लोक नाक वर करून वास घेत होते. मला नेहमीसारखंच काही आलं नाही. शेजारी भाजीची हातगाडी घेऊन एक म्हातारा थांबला होता. त्याला विचारलं, काका, वास कसा येतोय?

त्यानं डोळे मिटून एक लांब श्वास घेतला. "मीठी आवे छे, भाई," तो म्हणाला. "शरबत जेवी."

म्हणजे गोड. म्हणजे आत आक्का नव्हती. मी गाडीत बसलो आणि पाळीवर गेलो.